ओल्या रानातून घरी आलेली बंदूक

जानेवारीतला रविवार. मँचेस्टरबाहेरच्या एखाद्या रानात सकाळी नऊच्या सुमारास गाड्या लागतात, डिक्या उघडतात, चहाचे थर्मास निघतात. आकाश करडं आणि पावसाची रिपरिप चालूच. ‘आज खेळ होणार का?’ असं कोणी विचारत नाही, कारण पाऊस उघडायची वाट पाहायचं ठरवलं तर ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च कोणालाच खेळता येणार नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी मुलं मित्रांच्या ओढीने एअरसॉफ्ट हा प्लास्टिकच्या छर्ऱ्यांचा खेळ खेळायला जातात. भाड्याच्या बंदुकीवर दोन-तीन रविवार निघतात, मग स्वतःची घ्यावीशी वाटते. बॅटरीवर चालणारी दीडशे-दोनशे पौंडांची ती वस्तू पहिल्याच हिवाळ्यात बंद पडली, की दोष पावसाला दिला जातो.

बहुतेक वेळा तो दोष पावसाचा नसतो. मैदानावरच्या सहा तासांत बंदुकीचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान ती रविवार रात्र ते पुढचा शनिवार चेन लावलेल्या ओल्या पिशवीत पडून राहते तेव्हा होतं. आपल्याकडचा पाऊस आणि तिकडचा पाऊस यांतला फरकही इथे कळीचा आहे. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. मँचेस्टरला वर्षाचे मिळून आठशेच्या आसपास पडतात, पण ते वर्षभर थोडे थोडे. आपल्याकडे वस्तू भिजते, तिकडे ती सादळते. भिजलेली वस्तू डोळ्यांना दिसते आणि आपण ती पुसायला घेतो. सादळलेली दिसत नाही.

एअरसॉफ्टमध्ये सहा मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे वापरतात, आणि छर्रा लागलेल्याने स्वतः हात वर करून बाहेर पडायचं असतं. हा खेळ जपानमध्ये जन्मला. तोक्यो मारुई या जपानी कंपनीने १९९१मध्ये फामास या फ्रेंच रायफलीची बॅटरीवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली, आणि आज जगभर दिसणाऱ्या इलेक्ट्रिक बंदुकांची रचना मुळात तीच आहे. घोडा दाबला की बॅटरीतला प्रवाह मुठीतल्या मोटरला मिळतो. मोटर तीन दातेरी चाकं फिरवते, चाकं पिस्टनला मागे ओढून स्प्रिंग दाबतात आणि शेवटच्या दातावर सोडून देतात. पिस्टन पुढे झेपावतो आणि सिलिंडरमधली हवा छर्ऱ्याला नळीतून ढकलते. गॅसवरच्या बंदुका थंडीत दमतात, कारण पारा उतरला की गॅसचा दाब पडतो. त्यामुळे हिवाळ्यात रानात बहुतेकांच्या हाती इलेक्ट्रिकच दिसते.

वीज आणि पाणी म्हटलं की घरचा धाक आठवतो, पण इथे बॅटरी असते ७.४ किंवा ११.१ व्होल्टची. तेवढ्याने माणसाला शॉक बसत नाही. शुद्ध पावसाचं पाणी विजेचं चांगलं वाहकही नाही, त्यामुळे दोन थेंब आत गेले म्हणून बंदूक तत्क्षणी बंद पडत नाही. बिघाड सावकाश होतो. बॅटरी जोडलेली असताना ओल्या कनेक्टरवर विजेचा दाब कायम असतो. त्या ओलीत चिखल आणि घामाचं मीठ मिसळलं, की धन टोकाचं तांबं हळूहळू विरघळू लागतं. न घासलेलं पितळेचं भांडं कळकतं तसा हिरवा थर धरतो. या थरामुळे विजेची वाट अडते, कनेक्टर तापतो, बंदुकीचा वेग मंदावतो, आणि खेळाडू बॅटरी खराब झाली असं समजून नवी विकत आणतो.

म्हणून ओल्या दिवसाचा पहिला नियम साधा आहे. दोन फेऱ्यांच्या मधे, जेवायच्या सुट्टीत, चहाला बसताना बॅटरी काढून ठेवावी. सुरक्षिततेसाठी मैदानांचा आग्रह मॅगझिन काढून नळी रिकामी करण्याचा असतोच, त्यात ही एक सवय जोडावी. घरून निघण्यापूर्वी कनेक्टरच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका लावावा. हे सिलिकॉनचं ग्रीस वीज वाहू देत नाही, मग ते जोडावर कसं लावायचं, असा प्रश्न अनेकांना पडतो. कनेक्टर दाबून बसवला की धातूला धातू भिडतो तिथून ग्रीस बाजूला सरतं आणि आजूबाजूच्या फटी बुजतात. वीज धातूतून जाते, पाण्याला मात्र शिरायला जागा राहत नाही. लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीला चार्जिंगसाठीची एक छोटी पांढरी जोडणीही असते. तिच्या बारीक टाचण्या उघड्या असतात, आणि लक्ष न गेल्याने सगळ्यात आधी त्याच गंजतात. चिकटपट्टीचा एक तुकडा तिथे पुरतो.

बॅटरी कुठे बसते यावरही बरंच अवलंबून असतं. दस्त्यातल्या नळकांड्यात असेल तर ती बऱ्यापैकी आडोशाला असते. पुढच्या हातपट्टीत असेल आणि त्या पट्टीला हवेसाठी खाचा असतील, तर पाऊस थेट बॅटरीवर पडतो. अशा वेळी लहान झिपलॉक पिशवी उपयोगी येते, पण तिचं तोंड खाली ठेवावं. तोंड वर राहिलं तर पिशवीत पाणी साठतं आणि बॅटरी त्यात बसून राहते. जादाची बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. थंडीत लायपोचा अंतर्गत रोध वाढतो आणि ती जोर देत नाही.

आता धोक्याची गोष्ट. घोड्याच्या संपर्कपट्ट्या जळू नयेत म्हणून आजच्या बऱ्याच बंदुकांत मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो बिघडतो तेव्हा बरेचदा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. मग घोडा सोडला तरी बंदूक थांबत नाही, छर्रे सुटतच राहतात. पाणी शिरलेल्या सर्किटवर हे घडू शकतं. असं झालं तर नळी जमिनीकडे वळवावी, कोणाकडेही वळू देऊ नये, आणि बॅटरी उपटावी. सुरक्षेची कळ फिरवत वेळ घालवू नये, कारण वीज तिच्या पलीकडे वाहत असते. बॅटरी डोळे मिटून दोन सेकंदांत काढता आली पाहिजे. ओल्या हातमोज्यांनी हे जमतं का, ते घरी एकदा करून पाहावं.

डोळ्यांच्या बाबतीत तडजोड नाही. पावसात चष्म्याच्या काचेवर आतून धुकं धरतं, समोरचं काही दिसेनासं होतं, आणि हात आपोआप चष्मा उचलायला जातो. एअरसॉफ्टमधला सगळ्यात धोकादायक क्षण तोच. दुहेरी काचेचे गॉगल कमी धुरकटतात. काहींना बारीक पंखा असतो. काचेवर आतून धुकेविरोधी द्रव लावून हलक्या हाताने पुसला तरी बराच फरक पडतो. जाळीचे गॉगल धुरकटत नाहीत हे खरं, पण छर्रा आदळून फुटला तर त्याचा बारीक तुकडा जाळीतून आत येऊ शकतो. काहीच दिसत नसेल तर हात वर करून, चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून, मैदानाबाहेर सुरक्षित जागेपर्यंत चालत जावं आणि तिथेच काच पुसावी. फेरी गेली तर गेली.

खेळताना पाण्याचा पहिला परिणाम दिसतो तो नेमावर. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने रबराचा एक उंचवटा आत डोकावतो, त्याला हॉप-अप म्हणतात. छर्रा त्याला घासून जाताना उलटा गरगरतो, आणि त्या फिरकीमुळे हवेत तरंगत चाळीस-पन्नास मीटरपर्यंत सरळ जातो. क्रिकेटमध्ये लेगस्पिनरने बॅकस्पिन दिलेला चेंडू अपेक्षेपेक्षा लांब पडतो, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे. रबरावर पाण्याचा पातळ थर आला की छर्रा घासण्याऐवजी घसरतो, फिरकी कमी होते आणि तो बराच अलीकडे पडतो. खेळाडू गोंधळून हॉपचा दाब वाढवतो. पुढच्या फेरीत रबर वाळतं आणि छर्रे आकाशात जाऊ लागतात. मग तो दाब कमी करतो, पुन्हा पाणी येतं, आणि अख्खा दिवस या ओढाताणीत जातो. हॉप फिरवण्याऐवजी सुरक्षित जागेत जाऊन बॅटरी आणि मॅगझिन काढावं, हॉप पूर्ण बंद करावा आणि सळईला कोरडी सुती चिंधी गुंडाळून नळीतून दोनदा फिरवावी. हॉप आधी बंद केला नाही तर सळई रबर फाडते. नंतर हॉप जिथे होता तिथेच परत आणावा, म्हणून त्याची जागा आधीच पेनाने खूण करून ठेवलेली बरी.

पाणी आत शिरतं ते मुख्यतः डाव्या-उजव्या फटींतून नव्हे, तर उघड्या राहिलेल्या दारांतून. एम-४ पद्धतीच्या बंदुकीत हॉप जुळवायला बाजूची खिडकी उघडतात आणि बरेच जण ती तशीच ठेवून पळतात. त्या खिडकीखाली थेट हॉप आणि चाकांच्या पेटीचं, म्हणजे गिअरबॉक्सचं, तोंड असतं. मॅगझिन काढलेली बंदूक पावसात उताणी धरली तरी तेच. चालताना नळीचं तोंड जमिनीकडे ठेवावं. झाडाला टेकवायची असेल तर दस्ता चिखलात आणि तोंड आभाळाकडे अशी उभी करू नये, गळ्यातला पट्टा त्यासाठीच असतो. आणि नळीत चिखल गेला असेल तर ‘एक छर्रा मारला की निघेल’ हा सल्ला ऐकू नये. छर्रा अडकतो, त्यावर दुसरा येऊन बसतो आणि छर्रा नळीत ढकलणारं नोझल तुटतं.

छर्ऱ्यांकडे तर फारच कमी लोकांचं लक्ष जातं. छर्रा साधारण ५.९५ मिलिमीटरचा, आतली नळी ६.०३ किंवा ६.०५ची. म्हणजे मोकळी जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच. ब्रिटनमधली अनेक मैदानं रानाच्या काळजीपोटी फक्त विघटनशील छर्रे वापरू देतात, आणि हे छर्रे ओल शोषतात. उघडी पिशवी महिनाभर गॅरेजमध्ये राहिली तर ते डब्याचं झाकण सैल राहिलेल्या पापडांसारखे सादळतात. फुगलेला छर्रा नळीत अडकतो किंवा मॅगझिनमध्येच रुततो. पिशवी एकदा उघडली की छर्रे घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावेत. खेळ संपल्यावर मॅगझिनमध्ये उरलेले परत बरणीत ओतू नयेत. ते टाकून द्यावेत, आणि मॅगझिन उलटं करून झटकून, तोंड खाली ठेवून रात्रभर वाळवावं. तळाला निचऱ्याचं भोक नसलेल्या पाकिटात मॅगझिन ठेवलं की ते पाण्याच्या वाटीत ठेवल्यासारखंच होतं.

संध्याकाळी घरी परतल्यावर अंग दुखत असतं, बूट चिखलाने जड झालेले असतात, उद्या सोमवार असतो. तरी दोन तास काढायलाच हवेत. पण घरात शिरल्या शिरल्या बंदूक पिशवीतून काढू नये. बाहेर पाच अंश आणि घरात वीस अंश असतील तर गार धातूवर घरातल्या हवेतल्या वाफेचं पाणी होतं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब धरतात, तसंच ते पाणी बंदुकीच्या आतल्या अंगालाही धरतं. पिशवी बंद ठेवून अर्धा-पाऊण तास थांबावं. तेवढ्यात स्वतःची आंघोळ होते. मग सगळं बाहेर काढून वर्तमानपत्रावर पसरावं, आणि पिशवीचं अस्तर उलटं करून वेगळं वाळत घालावं. तीच ओली पिशवी पुन्हा वापरली तर पुढचं सगळं वाया जातं.

बॅटरी आधी बाहेर येते. ती पुसून पाहावी. फुगली असेल, आवरण फाटलं असेल किंवा ती चिखलाच्या पाण्यात बुडाली असेल तर चार्ज करू नये. घराबाहेर, पेट घेईल असं काही जवळ नसलेल्या जागी ठेवून बॅटऱ्यांच्या पुनर्वापर केंद्रात द्यावी. चांगली असेल तर आठवडाभरासाठी दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. बहुतेक चार्जरवर त्यासाठी ‘स्टोरेज’ नावाचा पर्याय असतो.

नंतर एम-४मध्ये पुढची एक पिन ढकलली की वरचा भाग पुढे सरकून निघतो, आणि हॉपसकट आतली नळी मागून हातात येते. यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागत नाही. नळीत कोरडी चिंधी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेली, मग पुन्हा कोरडी. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावं. पहिल्या चिंधीवर करडं पाणी दिसतं, दुसरीवर काळी रेघ, तिसरीवर काही नाही. हॉपच्या रबराला अल्कोहोल आणि तेल दोन्ही लागू देऊ नये, ते कोरड्या कापूसकाडीने टिपावं. गाड्यांचे गंजलेले स्क्रू सोडवण्यासाठी मिळणारा स्प्रे इथे वापरू नये. तो रबर फुगवतो आणि गिअरबॉक्सवर पडला तर आतलं ग्रीस धुऊन नेतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मोटर. ती मुठीत असते आणि मुठीच्या तळाला हवेसाठी भोकं असतात. ओल्या गवतावर बंदूक टेकवली की याच भोकांतून पाणी वर जातं. तळाच्या पट्टीचे दोन छोटे स्क्रू काढावेत. पट्टीच्या मधोमध असलेला आटे-स्क्रू मात्र अजिबात फिरवू नये, मोटरची उंची तोच ठरवतो. फिरला तर चाकं किंचाळायला लागतात. मोटर खाली ओढली की लाल आणि काळी अशा दोन वायरी सुटतात. कोणती कुठे होती, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण उलट्या जोडल्या तर मोटर उलटी फिरू पाहते आणि गिअरबॉक्स जाम होतो. आता मोटर कागदी रुमालावर उभी धरून हळूच टकटक करावी. ओल्या दिवसानंतर रुमालावर चहाच्या रंगाचा डाग उमटतो. तो लोखंडाचा गंज आणि कार्बन ब्रशची भुकटी. एकदा तो डाग पाहिला की पुढच्या वेळी ही पायरी कोणी चुकवत नाही. मोटर मोकळ्या हवेत रात्रभर ठेवावी, आणि सकाळी आसाच्या दोन्ही टोकांना तेलाचा एकेक थेंब द्यावा. एकच. जास्त झालं तर तेल कार्बन ब्रशवर जातं आणि मोटर कमजोर होते.

हीटरवर, ओव्हनमध्ये किंवा गरम हेअर ड्रायरखाली काहीही वाळवू नये. प्लास्टिक वाकतं. मोबाइल भिजल्यावर तांदळाच्या डब्यात ठेवायची आपल्याकडची पद्धत इथेही काही जण वापरतात, पण तांदूळ ओल फारशी ओढत नाहीत आणि त्यांची भुकटी चाकांत जाते. साधा टेबलफॅन उत्तम. त्यासमोर सगळे भाग रात्रभर पसरून ठेवावेत.

गिअरबॉक्स दर वेळी उघडायची गरज नाही. अननुभवी हातांनी तो उघडला तर पावसापेक्षा जास्त नुकसान होतं. मॅगझिनच्या जागेतून टॉर्च मारून आत पाहावं. ग्रीस पारदर्शक किंवा पिवळसर असेल तर ठीक. ते ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय, आणि आता गिअरबॉक्स उघडून, पुसून, चाकांना लिथियम ग्रीस आणि पिस्टनच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावायला हवं. हिवाळा संपताना एकदा तरी हे कोणा जाणकाराकडून करून घ्यावं. आवाजही बरंच सांगतो. रोज ऐकलेला ‘टक-टक’ खरखरीत किंवा चिरका झाला तर पुढच्या रविवारी तशीच नेऊ नये. उघडताना स्प्रिंग बदलली तर वेगही पुन्हा मोजून घ्यावा. ब्रिटनच्या २०१७च्या कायद्यात आपोआप सलग चालणाऱ्या एअरसॉफ्टसाठी १.३ ज्यूल आणि एकेक छर्रा सोडणाऱ्यासाठी २.५ ज्यूल अशी मर्यादा आहे, आणि मैदानांची स्वतःची मर्यादा बहुधा याहून खाली असते.

बाहेरच्या धातूत जस्ताचे मिश्रधातू आणि ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाहीत, पण स्क्रू, पिना आणि पट्ट्याची कडी पोलादी असते. पोलादी अंगाच्या एके-४७ पद्धतीच्या बंदुका तर दोन दिवसांत तांबूस पडतात. वाळल्यावर तेलाचं हलकं बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसावं. खऱ्या लाकडाचा दस्ता असेल तर तो काढून वेगळा वाळवावा, पावसाळ्यात दाराची फळी चौकटीत अडकते तसा तो फुगून बसतो. नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच बसवलेली असेल तर तिच्यातला नाण्याएवढा सेल काढून ठेवावा.

कामासाठी गेलेला माणूस दोन-तीन वर्षांनी परत यायला निघतो, तेव्हा ही बंदूक सामानात टाकण्याचा मोह होतो. भारतात कस्टम्सची परवानगी आणि शस्त्रांविषयीचे नियम पाहिल्याशिवाय ती आणू नये. हुबेहूब दिसणारी प्रतिकृती विमानतळावर खेळणं म्हणून सुटत नाही. तिथल्याच एखाद्या खेळाडूला विकणं सगळ्यात सोपं. ब्रिटनमध्ये घेणारा किमान १८ वर्षांचा आणि नियमित खेळणारा असल्याची खात्री करावी लागते.

सोमवारी सकाळी सगळे भाग कोरडे लागले की जोडणी करावी. मोटरच्या वायरी फोटोशी ताडून पाहाव्यात. चष्मा लावून, मॅगझिन न लावता, एकेरी कळीवर पाच-सहा वेळा घोडा दाबावा. शेवटचा दाबही एकेरीच असावा, म्हणजे पिस्टन पुढे येऊन थांबतो आणि स्प्रिंग आठवडाभर दाबलेली राहत नाही. मग बॅटरी काढावी आणि बंदूक वाळलेल्या पिशवीत ठेवून, सिलिका जेलची एक पुडी बाजूला टाकून, चेन चार बोटं उघडी ठेवावी.